आक्काची सही, गल्लीचा बांबू

२६ मार्च २०२०, गुरुवार
उद्याचा दस्त बोंबलला. वकिलांचा फोन आला, "सर, कचेरीला कुलूप. कधी उघडंल ते देवालाच ठाऊक." अर्धा संसार खोक्यात, अर्धा बाहेर. काल गुढीसुद्धा खोक्यावर पाट ठेवून उभी केली. सुनीता (यापुढं सु., शाई वाचवतो) म्हणाली, "वीस वर्षं थांबले, आणखी एकवीस दिवस थांबते." बोलली हसून, पण मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात गुंता होतो. आण्णांच्या मागं या घराला दोन नावं लागली, माझं आणि आक्काचं. आधी आक्काची हक्कसोडपत्रावर सही. मग घर शेजारच्या मगदूमांच्या नावावर. त्याच दिवशी कळंब्याचा फ्लॅट आमच्या नावावर. पहिली सहीच अडली म्हणजे पुढचं सगळंच अडलं.

आक्का सहीला तयार आहे. फेब्रुवारीत विचारलं तेव्हा एका शब्दात म्हणाली, "कर जा." वकील म्हणतात बहिणींची मनधरणी करता करता माणसं म्हातारी होतात, तुम्ही नशीबवान. आहेच.

३१ मार्च, मंगळवार
गल्ली बंद केली. तालमीतली पोरं आली, "सर, तुम्ही पुढं व्हा, तुमचं सगळी ऐकत्यात." पीटीच्या मास्तराला आणखी काय पाहिजे. मांडववाल्याकडचे दोन बांबू आडवे बांधले, गाठी मी स्वतः मारल्या. पुठ्ठ्यावर अक्षरही माझंच: बाहेरच्या माणसांना प्रवेश बंद. पावण्यांनी रागावू नये. संध्याकाळी खुर्ची टाकून शिट्टी गळ्यात घालून बसलो. दूधवाला, गॅसवाला, बस्स. एकजण इचलकरंजीहून सासऱ्याला बघायला आला होता, परत घालवला. भांडला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, मैदानावर जावयाला वेगळा आहे का?

खरं सांगायचं तर मजा आली. शाळा बंद, ग्राउंड बंद, करायचं काय दिवसभर.

१२ एप्रिल, रविवार
आक्काचा फोन. नेहमीसारखी मोठ्यानं, फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"बाळ्या, मी काय म्हणतो, सहीला येणारच हाय तर आठ दिस आधी येतो. तुमचं बांधाबांधीचं बघतो. आण्णांच्या घरात आठ दिस ऱ्हातो आणि जातो. मग काय ऱ्हाणं हुतंय का तितं?"

मी म्हटलं, आक्का, गल्ली बंद आहे, बाहेरच्यांना घेत नाहीत.

"मी बाहेरची व्हय?"

"तसं नाही गं. पण नियम मीच केलाय. पोरांना काय सांगू?"

"बरं, उघडल्यावर बघू," म्हणाली आणि म्हशीचं बोलायला लागली. एक व्यालीय, रेडकू झालंय, दाजी खूश.

सु. म्हणाली, "येऊ द्यायचं होतंस." मी म्हटलं, उद्या लोक म्हणतील मास्तरांची बहीण चालते, आमची नाही. तिला पटलं नसावं. मला पटलं होतं.

२ मे, शनिवार
खोक्यांत राहून वैताग. चहाची गाळणी सापडेना, सोऱ्या सापडला. खोक्यांवर नावं टाकायची राहिली ही माझी चूक, असं सु.चं मत. मगदूम रोज जिन्यातून हाक मारतात. भला माणूस, भांड्यांचं दुकान, पण घोर लागलाय बिचाऱ्याला. "सर, आमच्याकडनं काय न्हाय हां, पण तुमच्या भगिनींचं तेवढं पक्कं ऱ्हाऊ दे." पक्कं आहे हो, म्हटलं. फ्लॅटवाल्या मॅडमचाही फोन. त्यांना मुलाकडं बेळगावला जायचंय, तीही बॉर्डर बंद. सगळेच अडकलेत एकमेकांत.

१८ मे, सोमवार
दुय्यम निबंधकांची कचेरी उघडली! वकिलांनी टोकन घेतलं. परवा नाही तेरवा, गुरुवार. पक्षकार आणि साक्षीदार, बाकी कुणाला आत सोडणार नाहीत. वेळ चुकली तर पुन्हा रांगेत.

आक्काला फोन. कशी येणार? एसटी नाही. मोटरसायकलवर दोघं बसली तर पोलीस काठी काढतात. दाजी म्हणाले, "डेअरीचा टेम्पो जातोय की रोज, त्याच्यातनं लावून देतो. दुधाच्या गाडीला कोण अडवत न्हाय." मुरगूडला टेम्पो भरतो, तिथून कोल्हापूर, दुपारी परत. म्हणजे गुरुवारी यायचं, सही करायची, त्याच टेम्पोनं जायचं.

आक्का म्हणाली, "चालतंय."

आठ दिवसांचं तिनं परत काढलं नाही. मीही नाही. सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

सु. दिवसभर खोकी उचकटत होती. हक्कसोडीला बहीण आली की जेवू घालायचं, साडी द्यायची, ओटी भरायची, ही आमची रीत. दुकानं बंद. स्वतःच्या कपाटातली न नेसलेली हिरवी साडी काढली. "ओटी कोण भरणार? मला तर आत सोडणार नाहीत." मी म्हटलं, नारळ-तांदूळ पिशवीत घाल, मी देतो. "पुरुष ओटी भरतात होय?" भरत नाहीत. पण काय करणार.

२१ मे, गुरुवार
झाली सही.

सगळं लिहितो, क्रमानं.

टेम्पो वेळेत आला. आक्का ड्रायव्हरशेजारी, पदर तोंडाला, वर मास्क. उतरली आणि सरळ माझ्याकडं यायला लागली. मी हात पुढं केला, थांब म्हणून. आपोआप झालं. ट्रॅफिक पोलिसासारखा. ती थांबली. "बारीक झालायस," म्हणाली. झालो नाही. पोट सुटलंय.

आत एकेकाला बोलावत होते. कारकुनानं विचारलं, राजीखुशीनं सोडताय ना हक्क? आक्का म्हणाली, "भावाला न्हाय म्हणतंय का कोण?" तो हसला, म्हणाला, "मावशी, हो किंवा नाही सांगा." "व्हय की." फोटोसाठी मास्क काढायला लावला. कितीतरी महिन्यांनी चेहरा बघितला तिचा, तोही संगणकाच्या पडद्यावर. मान खाली घालून बसली होती. "वर बघा, मावशी." वर बघितलं.

अंगठा लागेना. मशीन घेतच नव्हतं. कारकून म्हणाला रेषा झिजल्यात. सॅनिटायझरनं पुसला, पदरानं पुसला, पुन्हा. शेवटी लागला. मागचे लोक कुरकुरत होते आणि मी, काय सांगू, मीसुद्धा घड्याळ बघत होतो.

बाहेर आलो. कंपाउंडच्या भिंतीवर पिशवी ठेवली. साडी, नारळ, तांदूळ, सु.नं केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. ठेवून मागं सरकलो, मग ती पुढं आली आणि उचलली. अशीच पद्धत आहे सध्या, सगळे असंच करतात. तिनं साडी चाचपली. "सुनीताच्या कपाटातली दिसतीय. चांगली हाय. नेसतो."

टेम्पोला अजून वेळ होता. ती म्हणाली, "बाळ्या, घराकडनं जाऊया का? आत येत न्हाय. रस्त्यावनं बघतो नुसतं."

मी म्हणालो, "बांबू आहे गं आक्का. पोरं बसलेली असतात. मीच बांधलाय, मीच कसा..."

"मग ऱ्हाऊ दे."

"फ्लॅटवर ये ना. घरभरणीला पहिली तू."

"व्हय, व्हय."

झाडाखाली उभी राहून तिनं डब्यातली एक पोळी खाल्ली, माझ्याकडं पाठ करून, कारण मास्क काढायचा होता. मी सात-आठ हातांवर उभा. मग टेम्पो आला.

घरी आल्यावर सु.नं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, साडी आवडली. मगदूमांनी पेढे पाठवले. खाल्ला एक.

२२ मे, शुक्रवार
सकाळपासून आतल्या खोलीत फिरतोय. पाच मिनिटं. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत चालत जायला एवढीच लागतात. बांबूशी बसलेली पोरं माझीच. मी म्हटलं असतं तर...

काही नाही.

२७ मे, बुधवार
आक्काला फोन केला. "काय करायलीस?" "बसलोय." "म्हशी?" "दाजी बघत्यात की." बाई दिवसा कधी बसत नाही. म्हटलं वय झालं, बसू दे. मागं कुणाचं तरी पोर रडत होतं. पाव्हणे आलेत काय विचारलं, म्हणाली, "व्हय, हायत चार लोकं."

उद्या दोन्ही दस्त.

२८ मे, गुरुवार
झालं. घर मगदूमांचं, फ्लॅट आमचा. मगदूम कचेरीच्या पायऱ्यांवर हात जोडून म्हणाले, "सर, आण्णांचं घर हाय, आमी नीट ठेवू." दहा दिवस राहायला दिलेत. फ्लॅटवाल्या मॅडमनी किल्ल्या दिल्या आणि रडल्या. मला वाटलं होतं मीही रडेन, पण भूक लागली होती. सु.नं किल्ली देवापुढं ठेवली आणि नमस्कार करताना कितीतरी वेळ वाकून राहिली. तिला सुख झालं. त्यात मला आनंद आहे, तो खोटा नाही.

३० मे, शनिवार
समोरच्या सुतारांकडं बाळाचा आवाज. सु.ला विचारलं. म्हणाली, "त्यांची लेक आलीय ना गडहिंग्लजहून, बाळंतपणाला. पंधरवडा झाला."

शिट्टी घेऊन तरातरा बांबूपाशी गेलो. पोरांना म्हटलं, आत कुणी घेतलं तिला? एकमेकांकडं बघायला लागली.

"सर, लेकीला कुठं अडवायचं? आपल्या गल्लीचीच पोरगी न्हवं का ती."

"आणि नियम?"

"त्यो बाहेरच्यांस्नी हाय की."

मग त्यातला एक म्हणाला, सरळ मनानं म्हणाला, त्याला कुठं काय ठाऊक: "सर, तुमच्या आक्का आल्या असत्या तर त्यास्नी काय आमी अडवणार हुतो व्हय?"

शिट्टी काढून ठेवली. सु.ला सांगितलं नाही. सुतारांच्या लेकीचा राग येत होता दुपारभर, म्हणजे बघा माझी अक्कल.

७ जून, रविवार
हललो. हमाल नाहीत, तालमीच्या पोरांनीच सामान उचललं. बांबू त्यांनीच सोडला, टेम्पो आत यायला. मी मारलेली गाठ सुटेना, कोयत्यानं कापली.

कळंब्याला लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत कपाट नेताना पोरांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल. सु. पुढं किल्ली घेऊन. आमच्यात नव्या घरात दूध बहिणीच्या हातानं उतू घालवतात. सु. म्हणाली, थांबायचं का आक्कांसाठी? मी म्हटलं, ती कशी येणार आता. सु.नंच घातलं. दूध उतू गेलं, शेगडी पुसली, चहा केला.

ऐसपैस आहे घर. बाल्कनीतून तलाव दिसतो, मान तिरकी केली तर. घरात आमचे आवाज घुमतात.

११ जून, गुरुवार
दाजींचा फोन, उसाच्या बिलाचं काहीतरी विचारायला. बोलता बोलता म्हणाले, "आता बरी हाय तुमची आक्का. शाळंत डास लई. पाय सुजलं हुतं."

कुठल्या शाळेत?

"तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय तिनं? कोल्हापुरास्नं आली म्हणून गावच्या समितीनं वेशीवरच टेम्पो थांबवला. घराकडं सोडलीच न्हाय. चौदा दिस शाळंत. मुंबईस्नं आलेली चार माणसं आणि ही. मी डबा देऊन यायचो फाटकापतूर."

तो २७ तारखेचा फोन. बसलोय, म्हणाली होती.

लगेच तिला लावला. "आक्का, शाळेत होतीस आणि बोलली नाहीस?"

"सांगून काय हुणार हुतं? तू येऊन बसणार हुतास व्हय शाळंत?"

"तसं नाही, पण..."

"नियम हाय बाबा गावाचा. तुझा हाय तसा गावाचा हाय." टोचून बोलली नाही. खरंच समजूत घालत होती माझी. त्यानंच जास्त लागलं.

माझ्या सहीसाठी ती आली. माझ्या गल्लीनं नाही घेतली, तिच्या गावानं नाही घेतली. गल्लीला तर विचारलंही नव्हतं. मी परस्पर नाही म्हणून टाकलं. घर सोडून द्यायला आलेल्या बहिणीला मी घर दाखवलं नाही. हे मी केलंय. कोरोनानं नाही, समितीनं नाही.

सु.ला सगळं सांगितलं. सुतारांच्या लेकीचंही. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुला कधी कळतंय ते बघत होते." आणि मग जेवलो दोघं.

३ ऑगस्ट, सोमवार
राखी पोस्टानं आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दातानं गाठ ओढून स्वतःच बांधली, सैल बसली. आक्काला फोन, मिळाली म्हणून. "बांधलीस न्हवं? झालं तर." कधी येतेस विचारलं. "रोगराई सरू दे की." बरोबर आहे. कोल्हापुरात तर आता जास्तच आहे, रोज कुणाचं तरी ऐकू येतं. तिनं येऊ नये हेच खरं. पण ती न येण्याचं कारण हेच आहे का, हे विचारायची छाती होत नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार
भाऊबीज. सकाळी फोन करून विचारलं, गावात येऊ देतात ना? "यं की." गेलो. सु.नं दुकानातून नवीकोरी साडी आणली होती, तिच्याच पसंतीची, जांभळी.

पाट, रांगोळी, ओवाळणी, काही कमी नाही. तांबडा-पांढरा दोन्ही. फ्लॅटचं सगळं विचारलं. पाणी कधी येतं, लिफ्ट चालू झाली का, खालच्या मजल्यावर कोण राहतं. मी सांगत गेलो. एरवी आक्का मला ताटावरनं उठवेपर्यंत शिव्या घालते. पोटावरनं, बीपीची गोळी चुकवण्यावरनं, सु.शी भांडतो त्यावरनं. आज एक शिवी नाही. "घ्या आणखी भाकरी" असं दाजींना आणि मला एकाच सुरात. जेवलो भरपूर, पोट भरलं नाही.

मे महिन्याचं काढावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. एकदा दाजी आले, एकदा मीच पाण्याचा तांब्या उचलला. निघताना म्हटलं, आक्का, चल की चार दिवस. "येतो की," म्हणाली. गाडी वळवताना आरशात बघितलं तर आत गेली होती. पूर्वी वळणापर्यंत उभारायची.

१२ डिसेंबर, शनिवार
संध्याकाळी मगदूमांचा फोन. मला वाटलं पाण्याच्या कनेक्शनचं.

"सर, तुमच्या भगिनी आलत्या आज."

कुठं?

"हितं, घराकडं. समोर उभारल्या हुत्या. मी वळखलं न्हाय आधी, मास्क हुता. मग आमची मंडळी म्हणाली, आवं, सरांच्या आक्का. आत या म्हटलं, च्या घ्या म्हटलं. नको म्हणाल्या. आमी पुढची खोली पाडून दुकान वाढवतोय न्हवं, ते बघत हुत्या. 'चांगलं चाललंय काम,' म्हणाल्या आणि गेल्या. तुमच्याकडं आल्या असतील म्हणून फोन केला."

नाही आली. कळंबा तिथून रिक्षानं कितीसं.

थोड्या वेळानं तिला लावला. ती एसटीतून उतरून नुकतीच घरी पोचली होती.

"आक्का, कोल्हापुरात आली होतीस?"

"व्हय. डोळं दाखवाय आलतो."

"घराकडं गेली होतीस म्हणे."

"गेलतो."

"मग इकडं?"

"घर बघायचं हुतं रं. तुझ्याकडं यायला आलो नव्हतो." कसलाही राग नाही आवाजात. भाजी काय केली सांगावी तसं.

म्हटलं, आक्का, त्या दिवशी मी तुला न्यायला पाहिजे होतं. चुकलो मी. पाच मिनिटांची वाट होती. एवढं एकदाचं बोललो. पलीकडं गोठ्यातला आवाज येत होता, दाजी कुणाला तरी हाकलत होते. आक्का म्हणाली, "व्हय, न्यायला पायजे हुतंस." मग म्हणाली, "ठेवतो. धारा काढायच्यात."

सु. शेजारीच होती, सगळं ऐकत. म्हणाली, "उद्या रविवार. जाऊ दोघं. मी राहते पाहिजे तर दोन दिवस त्यांच्याजवळ."

मी म्हटलं, चालेल. सकाळी फोन करून विचारतो, येऊ का म्हणून.

सु. म्हणाली, "आक्काकडं फोन करून, विचारून जायला लागलास तू?"